सातपुड्यातल्या आईची सोनोग्राफी वेळेत व्हावी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका. धडगाव, मोलगीकडच्या पाड्यांवर नर्सबाई आणि आशाताई आजही गरोदर बाईचं बीपी बघतात, पोटाला टेप लावतात, बाळाचे ठोके ऐकतात. वाढ खुंटली तर टेपवर कळतं, बाळ फिरेनासं झालं तर आईच सांगते. पण मणक्याला फट आहे, कवटी बनलेलीच नाही, हृदयाचा एक कप्पा नीट नाही, हे हाताला कळत नाही. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांतली व्यंग शोधणारी सोनोग्राफीच लागते, आणि नेमकी तीच डोंगरातल्या बाईच्या वाट्याला येत नाही.

पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते. त्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीत एक सोनोग्राफी सांगितली आहे. म्हणजे आठव्या महिन्यात केली तरी रजिस्टरला ‘झाली’ अशीच नोंद पडते. साहेब, तोवर त्या कुटुंबाच्या हातात काय उरतं? गर्भपात कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं गर्भपात करता येतो. त्यापुढे वैद्यकीय मंडळासमोर जावं लागतं. घाट उतरून, मजुरी बुडवून, परक्या भाषेत ते सगळं निभावणं भिलोरी, पावरी बोलणाऱ्या बाईला किती जड जातं, हे मी जवळून पाहिलं आहे. शिवाय प्रश्न गर्भपाताचाच नाही. हृदयाचा दोष आधी कळला, तर बाळंतपण मोठ्या दवाखान्यात ठरवता येतं आणि बाळ वाचू शकतं.

त्यात दिवाळीनंतर कितीतरी घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात ती होळीला परततात. ते मोलाचे आठवडे उसाच्या फडातच सरतात.

गर्भलिंग तपासणीविरुद्ध १९८८ मध्ये देशात पहिला कायदा आपल्या राज्यानं केला. त्याचा मला अभिमान आहे, ते नियम तसूभरही सैल होऊ नयेत. पण ते पाळूनही मशीन डोंगरात नेता येतं. एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर सोनोग्राफी करण्याची सोय नियमांत आहेच. धडगाव, अक्कलकुव्याच्या डॉक्टरांना हे प्रशिक्षण द्या. शंका आली की त्याच आठवड्यात तज्ज्ञाकडे नेणारी गाडी द्या.

आणि जिल्ह्याच्या मासिक अहवालात एक रकाना वाढवा: २० आठवड्यांच्या आत व्यंग शोधणारी सोनोग्राफी झालेल्या माता किती. स्थलांतर करणाऱ्या बाईच्या कार्डावर सोनोग्राफीची तारीख आणि तिकडच्या सरकारी दवाखान्याचं नाव निघण्याआधीच लिहून मिळावं. येत्या दिवाळीपूर्वी हा आदेश निघाला, तर यंदा फडावर जाणाऱ्या बायांनाही त्याचा उपयोग होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, नंदुरबार