एका मिस्ड कॉलचे आणि एका फोनचे आभार

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी पेढे घेऊन आले, तेव्हा साखर वर्ज्य असल्याचे सांगून आपण डबा परत केलात आणि मी आभाराचे दोन शब्द बोलू लागताच लिफ्टचे बटण दाबलेत. म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे, म्हणजे ते तरी आपल्याला परत करता येणार नाही.

हवाई बेटावरच्या किलाउएआ ज्वालामुखीचा 23 डिसेंबर 2024 रोजी सुरू झालेला उद्रेक मी रात्री जागून पाहते, हे ऐकून घरचे हसतात. त्याचे मला वाईट वाटत नाही. राग आहे तो जुन्या चित्रफिती ‘आत्ता, या क्षणी’ म्हणून दाखवणाऱ्यांचा, आणि त्या एका वक्त्यांचा. लाव्हाचे कारंजे उसळणार हे आधी कशावरून कळते, असे मी व्याख्यानानंतर भीतभीत विचारले, तर ‘इंटरनेटवर आहे सगळे’ एवढे बोलून त्यांनी पाठ फिरवली. आपण तेव्हा मागच्या रांगेत होतात. जिन्यात मला थांबवून माझ्याच हातातल्या निमंत्रणपत्रिकेच्या मागे आपण करवतीचे दाते काढलेत: खाली शिलारस भरत जातो तसा डोंगर फुगतो आणि कलमापकाची (जमिनीचा कल मोजणाऱ्या यंत्राची) रेघ सावकाश चढते, कारंजे सुटले की तीच रेघ कड्यावरून ढकलल्यासारखी कोसळते. एक किलोमीटर लांबीच्या दांडीचे टोक एका मिलिमीटरने उचलले जावे, इतक्या सूक्ष्म कलापासून ही मोजणी सुरू होते, हे ऐकून मी त्या रात्री झोपलेच नाही. (गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी जन्म काढूनही तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे, हेही मला आपल्याकडूनच कळले, आमच्यासाठी ती फक्त देवळाची टेकडी होती.)

मग आपला संकेत ठरला. रेघ कोसळू लागली की एक मिस्ड कॉल, बोलणे नाही.

6 डिसेंबर 2025 रोजी हवाईत सकाळ होती आणि अंधेरीत मध्यरात्र उलटून गेली होती. मिस्ड कॉल आला, मी कॅमेऱ्याचे थेट चित्र उघडले. थोड्या वेळाने कारंजे तिरपे झाले, पडद्यावर राख आणि खडे कोसळू लागले आणि पाहता पाहता चित्र गेले. त्या कॅमेऱ्यामागे कोणी उभे असेल तर, या विचाराने माझे हातपाय गार पडले. तेवढ्यात फोन वाजला, आणि या वेळी तो वाजतच राहिला. आपण एवढेच म्हणालात, “कॅमेरा माणसाविना चालतो. तो भाग लोकांसाठी बंद आहे, तिथे कोणी नव्हते. आता झोपा.”

मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला रात्री कोणी फोन करतो, याची मला सवय नाही, सर. ज्यांना विचारले होते त्यांनी भर दिवसा उत्तर दिले नव्हते. विद्वान पुष्कळ भेटतात. समोरचा माणूस घाबरला असेल हे ज्यांच्या ध्यानात येते, असे फार थोडे.

रविवारी नोंदवही घेऊन येते. मुंबई आणि हवाई यांच्या वेळेतील फरक साडेपंधरा तासांचा आहे, पण त्यातला अर्धा तास मी दोन पाने विसरले आहे, तेवढे तपासून द्यावे. पेढे आणणार नाही.

आपली नम्र,
जिन्यातली विद्यार्थिनी