आधी डोक्यांनी भाग

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कार्बन उत्सर्जनात चीन पहिला, अमेरिका दुसरी, भारत तिसरा. दोष कोणाचा ते उघडच आहे." तेव्हा मी गप्प राहिलो, पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

देशाच्या बेरजेला आधी डोक्यांनी, म्हणजे लोकसंख्येने, भाग. भारत तिसरा दिसतो खरा, पण माणशी वर्षाला जेमतेम दोन टन. जगाची सरासरी पावणेपाचच्या आसपास. चीन आठच्या वर, अमेरिका चौदा-पंधरा, कतार तर पस्तिसाच्याही पुढे. क्रम किती बदलला बघ!

नुसतं टन म्हटलं की डोळ्यांपुढे काही येत नाही. एक लिटर पेट्रोल घे. वजन साधारण पाऊण किलो. ते जळलं की कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे २.३ किलो निघतो. जास्तीचं वजन हवेतलं: कार्बनचा एक अणू ऑक्सिजनचे दोन अणू धरतो आणि वजनाने १२ चे ४४ होतात. या मापाने अमेरिकेतला माणूस वर्षाला सहा हजार लिटर पेट्रोल जाळल्याइतका वायू सोडतो, भारतातला नऊशेच्या आसपास. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं होतं.

आता काळाची रेष बघ, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. १९७३ च्या सुमारास अमेरिकेचा आकडा बावीस टनांच्या घरात होता, तिथून तो उतरत आला. ब्रिटन १९९० मध्ये दहाच्या आसपास होता, आज पाचच्या आत आहे. कोळशावर औद्योगिक क्रांती उभारणाऱ्या या देशाने ३० सप्टेंबर २०२४ ला कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद केलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर फ्रान्स अणुविजेकडे वळला, म्हणून तिथला माणूस शेजारच्या जर्मनीतल्या माणसापेक्षा बराच कमी कार्बन सोडतो. राहणीमानात दोघांत फारसा फरक नाही. म्हणजे सुखाने जगायचं तर धूर काढावाच लागतो, असं मुळीच नाही.

चीनची रेष उलटी. २००० साली तीन टनांच्या आत होता, पुढे तो युरोपीय संघाच्या सरासरीवर गेला. पण तिथल्या भट्ट्यांमधून निघणारं पोलाद, कपडे, फोन सगळे तिथेच वापरले जात नाहीत. वस्तू वापरणाऱ्याच्या खात्यावर धूर मांडला की चीनचा आकडा थोडा खाली येतो आणि ब्रिटनचा बराच वर जातो. ब्रिटनमधली घट तरीही खरी आहे, फक्त दिसते तेवढी मोठी नाही.

आणि एक. आफ्रिकेतल्या चाडचा आकडा टनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. तो पाहून "किती स्वच्छ देश" असं म्हणू नकोस गं. तिथल्या बहुतेक घरांत वीजच पोचलेली नाही. त्यांचा आकडा थोडा वाढावा असंच मला वाटतं, फक्त तो कोळशाने वाढू नये.

तुझा तक्ता पुन्हा काढशील तेव्हा बेरजेशेजारी माणशी आकड्याचा रकाना ठेव, आणि त्यापुढे १९९० चा. काढलास की मला पाठव, चाडची ओळ मला आधी बघायची आहे.

तुझे,
बाबा