चाळीसगावच्या मेकॅनिक अण्णांना, एका पिकअपवाल्याकडून आभार

अण्णा, रामराम.

फोनवर तुमचे आभार मानले, पण तुम्ही "बरं बरं, जिवले जप भाऊ" म्हणून फोन ठेवलात आणि माझं बोलणं राहूनच गेलं. ते इथे सगळ्यांसमोर लिहितो आहे. खानदेशात केळी, कापूस, भाजीपाला वाहणारे माझ्यासारखे पुष्कळ पिकअपवाले आहेत. माझ्या गाडीत तुम्हाला जो दोष सापडला, तो त्यांच्या गाडीतही असू शकतो. तुमचं नाव आणि गॅरेजचा पत्ता देऊ नको असं तुम्ही बजावलंत, म्हणून देत नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी हकीकत सांगतो. मी यावल तालुक्यातला. इकडून केळी घेऊन छत्रपती संभाजीनगरला जायचं आणि येताना कन्नडकडून अद्रक किंवा मिळेल तो माल भरून जळगावच्या बाजारात उतरवायचा, असा माझा धंदा. गाडी सेकंडहँड घेतलेली. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक. उन्हाळ्यापासून तिच्या पुढच्या डाव्या चाकाचा त्रास होता. लांब चालवली की रिम तापायची, जळका वास यायचा, गाडी डावीकडे ओढायची. एका गॅरेजमध्ये पॅड बदलून दिले. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच, तेव्हा कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाची, किट टाकली. तरीही फरक नाही म्हटल्यावर "आता मास्टर बदलावा लागेल" असं ऐकलं. मास्टर म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेकचं तेल चाकांकडे रेटणारा सिलिंडर. प्रत्येक वेळी नवा पार्ट, प्रत्येक वेळी नवं बिल, आणि चाक तापतंय ते तापतंयच.

त्या दिवशी अद्रक भरून कन्नड आणि चाळीसगावच्या मधला औट्रम घाट उतरत होतो. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जड वाहनांना या घाटात बंदी घातली, पण पिकअप चालतात. निम्मा घाट उतरलो आणि पेडल खाली गेलं. थेट खाली, पायाखाली काहीच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून वाचलो. पेडल भराभर पंप केलं, थोडा ब्रेक लागला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूला घासून उभी केली. चाकातून धूर येत होता. बराच वेळ थांबल्यावर पेडल पुन्हा वर आलं, जणू काही झालंच नव्हतं. मग पहिल्या गिअरमध्ये रांगत खाली आलो आणि पायथ्याच्या चहाच्या टपरीसमोर सपाट जागेवर गाडी लावली. टपरीवाल्या भाऊंनी तुम्हाला फोन केला. त्यांचेही आभार.

तुम्ही मोटरसायकलवर हत्यारांची पिशवी अडकवून आलात. "काय व्हयनं भाऊ?" एवढं विचारलंत आणि ऐकून घेतलंत. मध्ये बोलला नाहीत. टपरीवरचा एक जण तापलेल्या चाकावर पाण्याची कॅन ओतायला निघाला होता, त्याचा हात तुम्ही धरलात. लाल झालेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की डिस्क वाकडी होते आणि मग ब्रेक दाबला की पेडल थरथरतं, हे त्याला नीट समजावलंत. त्याला कमीपणा वाटेल असं काही बोलला नाहीत, हेही माझ्या लक्षात राहिलं.

मग तुम्ही मला जो प्रश्न विचारलात, तो आजवर कोणी विचारला नव्हता. "पाय ठेवल्या ठेवल्या गाडी कुठे ओढते, आणि पाय उचलल्यावर कुठे?" बाकीच्यांनी फक्त "कुठे ओढते?" विचारलं होतं आणि मी डावीकडे सांगितलं होतं. आता आठवून पाहिलं तर ब्रेक दाबताच पहिला झटका उजवीकडे असायचा आणि पाय काढल्यावर गाडी डावीकडे जायची. तुम्ही मान हलवलीत. तुमच्या मनात तेव्हाच उत्तर आलं असावं, पण तुम्ही लगेच सांगितलं नाहीत. आधी तपासून पाहिलंत.

ती तपासणी मी इथे सविस्तर लिहितो, कारण ती कुणालाही समजेल अशी आहे आणि हजारो रुपये वाचवणारी आहे.

चाक थंड होऊ दिलं. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं. हाताने फिरवलं तर फिरलं. मग मला पेडल दाबून सोडायला सांगितलं. चाक जाम. पाय पेडलवर नाही, तरी ब्रेक धरून बसलेला. आता तुम्ही कॅलिपरच्या निपलला, म्हणजे तेल आणि हवा बाहेर सोडायच्या बारीक तोटीला, रिंग पाना लावून थोडंसं ढिलं केलंत. ब्रेकच्या तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक लगेच मोकळं झालं. म्हणजे कॅलिपरचा पिस्टन अडकलेला नव्हता. तो अडकला असता तर तेल सोडूनही चाक जामच राहिलं असतं. आत दाब कोंडला होता, तो परत जात नव्हता.

आता प्रश्न उरला की दाब कोंडतो कुठे, मास्टरमध्ये की वाटेत. निपल बंद करून पुन्हा पेडल दाबायला लावलंत, चाक पुन्हा जाम झालं. या वेळी तुम्ही निपलला हात लावला नाहीत. मास्टरकडून येणारा लोखंडी पाइप रबरी होजला, म्हणजे कॅलिपरकडे जाणाऱ्या नळीला, जिथे जोडला जातो, तिथला युनियन नट ढिला केलात. थोडं तेल झिरपलं, पण चाक तसंच जाम. मास्टर धरून ठेवत असता तर इथे चाक सुटलं असतं. म्हणजे दोष नट आणि कॅलिपर यांच्यामधल्या त्या वीतभर रबरी होजमध्ये होता. नवे पॅड आणि नवी किट यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. मास्टर बदलला असता तर तोही फुकट गेला असता.

दुसऱ्या दिवशी जुना होज तुम्ही कापून माझ्या हातात दिलात. बाहेरून धडधाकट, एक चीर नाही. आतून मात्र सुजलेल्या घशासारखा, मधलं भोक जवळजवळ बुजलेलं. पायाचा जोर तेलाला त्या फटीतून पलीकडे रेटतो, पण उशिरा. म्हणून आधी उजवा ब्रेक धरतो आणि गाडी उजवीकडे जाते. पाय काढला की तेलाला मागे रेटणारं कोणी नसतं, ते तिथेच अडकतं आणि पॅड डिस्कला घासत राहतात. त्या घासण्याने चाक तापतं, चाकाने कॅलिपर तापतो आणि कॅलिपरमधलं तेल उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, पण वाफ दाबली जाते, म्हणून पेडल खाली जातं. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा तेल होतं आणि पेडल वर येतं. घाटात नेमकं हेच झालं होतं.

इथे तुमचे सर्वांत मोठे आभार मानायचे आहेत. पेडल वर आलं होतं. टपरीवर जमलेली माणसं म्हणत होती की आता ब्रेक येतोय, हळूहळू जाऊ द्या. जळगावहून व्यापाऱ्याचे फोनवर फोन येत होते. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत, "ही गाडी इथून हलणार नाही." आणि नुसतं अडवून थांबला नाहीत. ओळखीच्या पिकअपवाल्याला बोलावलंत, स्वतः गोण्या उचलायला हात लावलात आणि माल संध्याकाळीच जळगावकडे रवाना केलात. माणूस अडवणारे पुष्कळ भेटतात अण्णा. अडवून त्याची सोय लावणारा विरळा.

होज आल्यावर तुम्ही डावा आणि उजवा दोन्ही बदललेत, कारण दोघांचं वय एकच. पण खरी नजर दिसली ती तुम्ही मागे गाडीखाली शिरलात तेव्हा. मागच्या एक्सलपासून वर एका व्हॉल्व्हला जाणारी दांडी दाखवलीत. गाडीत माल भरला की बॉडी खाली दबते, दांडी सरकते आणि तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी सोडतो, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. माझ्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगला आधीच्या मालकाने जादा पाटे टाकलेले. त्यामुळे माल भरला तरी गाडी फारशी दबत नाही, व्हॉल्व्हला गाडी रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक अर्धपोटी राहतात. सगळा भार पुढच्या चाकांवर. पाटे वाढवणं आपल्याकडे इतकं सर्रास आहे की त्याने ब्रेकवर परिणाम होतो हे किती जणांना ठाऊक असेल, शंका आहे. मला तर हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यांनी पाटे टाकले आहेत त्यांनी एकदा या दांडीचं सेटिंग जाणकाराकडून तपासून घ्यावं. तुम्ही माझे जादा पाटे काढायला लावलेत आणि "गाडीवर लिहिलंय तेवढाच माल भरायचा" असं सांगितलंत. ऐकतो आहे.

ब्रेक ऑइल तुम्ही पांढऱ्या वाटीत काढून दाखवलंत. काळपट, गढूळ. हे तेल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावा शिरला की लवकर उकळतं. डॉट ३ चं तेल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत टिकलं पाहिजे, ओलावा शिरल्यावर ही हद्द १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. म्हणून किलोमीटर कितीही झाले असोत, दोन वर्षांनी तेल बदलायचंच. डबा अर्धा उरला तर पुढच्या वर्षी वापरायचा नाही. आणि त्यात स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल थेंबभरही जाऊ द्यायचं नाही, त्याने आतली सगळी रबरं फुगतात.

मग एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा, काढली. तुमचा पोरगा पेडलवर, तुम्ही चाकाशी. "दाब... धर... सोड." मास्टरपासून सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मध्येमध्ये मास्टरची बाटली भरायला तुम्ही विसरला नाहीत. ती रिकामी झाली की पुन्हा हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. शेवटी बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या जोरावर पेडल हलकं करणारा भाग, पाहिला. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत पंप केलं, पाय तसाच दाबून इंजिन चालू केलं आणि पेडल किंचित खाली गेलं. म्हणजे बूस्टर ठीक. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इंजिन बंद झालं की व्हॅक्यूम पंप बंद, आणि बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-चार वेळा ब्रेक दाबेपर्यंतच पुरतो. नंतर पेडल दगडासारखं कडक होतं.

मजुरी तुम्ही रोखठोक घेतलीत. योग्य केलंत, तुमच्या विद्येचं मोल आहे ते. होज, तेल आणि मजुरी मिळून झालेला खर्च आधीच्या बिलांपुढे काहीच नव्हता.

परवा केळी पोचवून परत येताना भरल्या गाडीने तोच घाट उतरलो. तुम्ही सांगितलंत तसं, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये. खाली आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. पुढच्या दोन्ही चाकांची ऊब सारखी होती. घरी आईला हे सांगितलं तेव्हा तिने तुमच्यासाठी बिबड्या आणि कळण्याचं पीठ बांधून ठेवलं आहे. काकूंना सांगा, बाजारच्या फेरीला निघालो की पोचवतो. त्याच वेळी मागचे ड्रम उघडून लायनरही बघून घ्या. उजव्या ड्रमच्या आतल्या बाजूला ओलसर डाग दिसतो आहे, व्हील सिलिंडर गळतो की एक्सलचा ऑइल सील, ते तुम्हीच सांगा. तोवर गाडी रिकामीच चालवतो आहे.

तुमचा,
यावल तालुक्यातला पिकअपवाला