गोणपाटावर बसलेल्या पोरीस

तुझं नाव आईनं विचारलंच नाही. मी रागावलो तर म्हणाली, "भाजी इकायची का नावं लिवून घ्यायची?" म्हणून हे पत्र बिननावाचं. गेल्या महिन्यात परभणीहून सात-आठ पोरापोरी आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात कॅरीबॅगा बंद करा म्हणून फिरत होती. त्यातली हिरव्या ओढणीची तू.

बंदी आईला नवी नव्हती. २३ जून २०१८ ला राज्यात ती लागू झाली आणि त्याच पावसाळ्यात साहेब लोक बाजारात उतरले. एकानं पोत्याखालचा पिशव्यांचा गठ्ठा बुटानंच बाहेर ओढला. पाच हजारांची पावती! आईनं उसनवारी करून भरली. वर तिचा फोटोही काढून नेला, चोराचा काढावा तसा. जिथून तिनं त्या पिशव्या घेतल्या, ते ठोकचं दुकान पन्नास पावलांवर होतं. तिकडं कुणाची मान वळली नाही.

पुढं केंद्राचेही नियम आले. ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉनच्या आतल्या जाडीची पिशवी बंद, ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० च्या आतली. मायक्रॉन आईनं काय काट्यावर मोजायचा? गिऱ्हाईक हात हलवत येतं, मेथीची जुडी उचलतं आणि पिशवी मागतं. नाही म्हटलं की पुढच्या पाटीवर जातं. त्यामुळं गठ्ठा पुन्हा पोत्याखाली गेला, आणि इस्त्रीच्या कपड्यातलं कुणी दिसलं की आईच्या पोटात गोळा.

तुम्ही आलात तेव्हाही आलाच. पण तू चपला काढल्यास आणि तिच्या गोणपाटाच्या कडेला मांडी घालून बसलीस. बाकी सगळं सांगताना आई गडबडते, हे मात्र तिनं मला चारदा सांगितलंय. "माज्या बरूबर बसली रे लेकरू." तुझ्याबरोबरचा पशुवैद्यकीयचा पोरगा जनावरांच्या पोटातल्या प्लास्टिकचं सांगत होता: लोक सालपटं गाठ मारून फेकतात, गाय गाठीसकट गिळते, ते पोटात साचत जातं आणि चारा जायला जागाच राहत नाही. आई गप्प झाली. आमची लाल कंधारी गाय चारा सोडून, पोट फुगून गेली होती, तेव्हा आम्ही दृष्ट काढत बसलो होतो.

मग तू विचारलंस, "मावशी, ह्या उरलेल्या पिशव्या तुम्हाला कितीला पडल्या?"

सात वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. भाषणं झाली, रॅली झाली, शपथ झाली (शपथेनंतरचं पाणी प्लास्टिकच्या ग्लासात). पण पिशव्या टाकून दिल्या तर नुकसान कुणाचं, हा हिशेब करायला एकटी तू बसलीस. ९३ रुपये निघाले. तू शंभराची नोट दिलीस, गठ्ठा उचललास आणि जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या वीस थैल्या ठेवून गेलीस. थैलीला दहा रुपये ठेवून घ्यायचे, परत आणली की परत द्यायचे.

खोटं कशाला लिहू, सगळं सुतासारखं चाललेलं नाही. वीसातल्या सहा थैल्या परत आल्याच नाहीत. शेजारची पाटी अजून कॅरीबॅग देते आणि आईची काही गिऱ्हाईकं तिकडं गेलीत. ती चिडते, शिव्याही घालते, पण पोत्याखाली आता काही नसतं. परवा एक साहेब फिरत आला तर ही जागची हलली नाही. उलट त्यालाच विचारलं, "थैली आनली का?"

पोरांनो, तुम्हा सगळ्यांचे आभार. आणि पोरी, पुढच्या बाजारी जमलं तर ये. त्या दिवशी सुट्टे नव्हते म्हणून तुझे सात रुपये आईकडं राहिलेत. दर बाजारी ती ते पदराच्या गाठीला बांधून नेते आणि संध्याकाळी सोडून डब्यात ठेवते.