डिजिटल कला आणि मृतांची नावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिजिटल कला म्हटले की आपल्याकडे अजूनही भिंतभर सरकणारी प्रकाशचित्रे आणि त्यांच्यापुढे काढलेल्या सेल्फी एवढेच डोळ्यांसमोर येते. आपल्या कलाविषयक पानावरही बहुधा अशाच प्रदर्शनांची दखल असते. म्हणून १९५७ साली बीजिंगमध्ये जन्मलेल्या आय वेवे या कलावंताच्या एका कामाकडे लक्ष वेधू इच्छिते.

१२ मे २००८ रोजी सिचुआन प्रांतातील भूकंपात निकृष्ट बांधकामाच्या अनेक शाळा भरलेल्या वर्गांवर कोसळल्या. किती विद्यार्थी दगावले हा आकडासुद्धा सरकारने जवळजवळ वर्षभर सांगितला नाही. तेव्हा आय वेवे यांच्या स्वयंसेवकांनी, पोलिसांची अडवणूक सोसत, गावोगाव पालकांना भेटून पाच हजारांहून अधिक मुलांची नावे, वय, शाळा आणि इयत्ता अशी यादी तयार केली. ही यादी प्रसिद्ध होत असलेला त्यांचा ब्लॉग २००९ मध्ये बंद पाडण्यात आला. त्यानंतर त्यांनी ट्विटरवरून आवाहन केले, की ज्याने त्याने मृत मुलांची नावे स्वतःच्या आवाजात वाचून पाठवावीत. चीनमध्ये ट्विटरवर बंदी असूनही लोकांनी आडवाटेने ती पाठवली, आणि १२ मे २०१० रोजी हे सारे आवाज जोडून साडेतीन तासांहून मोठे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. त्यात संगीत नाही, निवेदन नाही. एक अनोळखी माणूस नाव उच्चारतो, की लगेच दुसरा पुढचे नाव घेतो. ज्या मुलाला आपण कधी पाहिले नाही त्याचे नाव नीट उच्चारण्याची जबाबदारी इथे सामान्य माणसावर टाकलेली आहे, आणि या कामाची खरी ताकद मला त्यातच वाटते.

याच कलावंताने पुढे आभासी वास्तवाच्या चष्म्यातून प्रेक्षकाला बांगलादेशातील रोहिंग्या निर्वासितांच्या छावणीत नेले. मान वळवावी तिकडे छावणी दिसते खरी, पण प्रेक्षकाकडून काहीच मागितले जात नाही. तंत्र अधिक प्रगत असूनही ते काम मला त्या साध्या ध्वनिमुद्रणापेक्षा उणे वाटते.

तेव्हा विनंती अशी, की अशा प्रदर्शनांवर लिहिताना आपल्या समीक्षकांनी प्रोजेक्टर किती आणि पडदे केवढे यापेक्षा, तिथे प्रेक्षकाने नेमके काय करायचे असते आणि ज्यांचे दुःख मांडले आहे त्यांची नावे तिथे कळतात का, हे आवर्जून नोंदवावे.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे