मनोरुग्ण आरोपीची फाईल पहिल्या रिमांडलाच द्या

महोदय,

मनोविकाराचे उपचार चालू असलेल्या माणसाला अटक झाली की घरचे जामिनामागे धावतात आणि आजाराचे कागद कपाटातच राहतात. खटला उभा राहिल्यावर मग प्रमाणपत्रासाठी डॉक्टर शोधायला निघतात. ठाणे आणि बेलापूरच्या न्यायालयांत वावरणाऱ्या आम्हा वकिलांना हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण तोवर बचावाचा मुख्य आधार बहुधा निसटलेला असतो.

कायद्यापुढे दोन वेगळे प्रश्न असतात. आपण काय करतो आहोत, ते चूक वा बेकायदा आहे, हे कृत्याच्या क्षणी आरोपीला कळत होते का? हे भारतीय न्याय संहितेचे कलम २२, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचे ८४. आज त्याला स्वतःचा बचाव करता येतो का? हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ३६७ व ३६८. आजचे प्रमाणपत्र मुख्यतः दुसऱ्या प्रश्नाला पुरते. पहिल्यासाठी घटनेच्या आधीचा आणि लगेच नंतरचा पुरावा लागतो: ओपीडीचे केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या, मेडिकलची बिले, शेजाऱ्यांनी पाहिलेले वागणे. नुसत्या स्किझोफ्रेनियाच्या निदानावर कोणी सुटत नाही. सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या १९६४ च्या दह्याभाई ठक्कर निकालानुसार तो दिवाणी दाव्यातल्याइतकाच, म्हणजे आपल्या बाजूची शक्यता जास्त आहे एवढे दाखवणे पुरते.

म्हणून अटकेनंतर २४ तासांत आरोपीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, त्या पहिल्या रिमांडलाच लेखी अर्ज द्या. सोबत फाईलच्या झेरॉक्स, चालू औषधांची नावे, मात्रा आणि वेळा. मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि कोठडीत औषधे चालू राहावीत, अशी मागणी त्यात स्पष्ट लिहा. सही-शिक्क्याची पोच घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

औषधांचा खंड ही किरकोळ बाब नव्हे. स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिन हे औषध ४८ तासांहून जास्त चुकले तर जुनी मात्रा एकदम देता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावी लागते. नाहीतर रक्तदाब कोसळतो, फिट येऊ शकते. पोलीस कोठडीतून तळोजा किंवा ठाणे कारागृहात जाईपर्यंत दोन दिवस सहज जातात. शेवटचा डोस कधी घेतला, हे कारागृहाच्या डॉक्टरांपर्यंत लेखी पोहोचलेच पाहिजे.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाचे प्रकरण वेगळे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १०० प्रमाणे पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते. लॉकअपमध्ये ठेवायला सक्त मनाई आहे.

आमची मागणी एकच. अटकेनंतर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत अंगावरच्या जखमांसोबत मनोविकाराचे उपचार, चालू औषधे आणि त्या वेळचे बोलणे-वागणे यांची नोंद सक्तीची करावी. ठाणे व नवी मुंबई पोलीस आयुक्तांनी तसे परिपत्रक काढावे.

— फौजदारी वकील, ठाणे