सूचना : हरकत लिहिताना मुद्द्याचं लिहा

सभासदांनो, नमस्कार.

नदीकाठच्या बांधकामावर लेखी हरकत नोंदवायची मुदत संपत आली आहे. आलेले मसुदे वाचले. 'आमची नदी वाचवा' एवढंच लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. नदीवरची माया खरी, पण सुनावणीत मुद्दे लागतात.

सगळ्यात मोठा मुद्दा गाळाचा. काठ उकरला की पहिल्याच मोठ्या पावसात सुटी माती पात्रात उतरते. बरेच मासे गोट्यांच्या फटींत अंडी घालतात. त्या फटींतून पाणी खेळतं तोवर अंड्यांना प्राणवायू मिळतो; बारीक गाळाने फटी बुजल्या की अंडी जागीच गुदमरतात. वरचं पाणी मात्र काही दिवसांत निवळतं, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

काठची झाडं गेली की सावली जाते, पाणी तापतं आणि प्राणवायू कमी विरघळतो : १० अंश सेल्सिअसला लिटरमागे जास्तीत जास्त ११ मिलिग्रॅमच्या आसपास, २५ अंशांना जेमतेम ८.

पूररेषेबद्दलही लिहा. नकाशात पुराचं पाणी पसरतं ती सपाटी 'मोकळी जागा' म्हणून दाखवली आहे. (मोकळी कसली, नदीचीच ती!)

रविवारी सकाळी काठावर जमू. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, तारीख टिपा.

आणि पत्राची पोच घ्या. मागच्या वेळी पोच नव्हती, म्हणून आपली पत्रं 'मिळालीच नाहीत'.